वळणावरचा भोंगा

मोटार स्वस्तात मिळाली, हे त्या वर्षी मी भेटेल त्याला ऐकवत होतो. कोर्टात, देवळात, न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेला असतानासुद्धा. वकील माणूस मी, घासाघीस हा माझा पेशाच. शिवाय नागावहून अलिबागेला रोज टांग्याने जाऊन हाडं खिळखिळी झाली होती.

मोटार होती आमच्याच आळीतल्या एका सुपारीच्या व्यापाऱ्याची. तो आदल्या पावसाळ्यात तापाने गेला. तेव्हापासून ती गाडीखान्यात उभी होती आणि कोंबड्या तिच्या गादीवर अंडी घालत होत्या. सौदा त्याच्या धाकट्या भावाशी झाला. खाऱ्या वाऱ्याने पत्रा कसा खाल्ला आहे, कापडी टप कसा विरला आहे, हे मी त्याला बोट लावून लावून दाखवलं. तो सारखा आतल्या दाराकडे बघत होता. दाराआड त्याची वहिनी उभी असावी, पण कळणार कसं? विधवेच्या हातात वाजायला काही नसतं.

शेवटी आतून आवाज आला, "देऊन टाका, भावोजी."

मी जिंकलो असं मला वाटलं.

मोटारीला पितळेचा भोंगा होता, रबरी फुगा दाबला की रेडकासारखा ओरडणारा. आमच्या आळीला दोन्हीकडून वाड्यांचे दगडी गडगे, आणि नेमकं त्या बाईच्या घरापाशी आंधळं वळण. समोरून बैलगाडी आली तर दिसत नाही, म्हणून तिथे भोंगा वाजवावाच लागे. संध्याकाळी परत येताना मी तो गरजेपेक्षा जरा जास्तच वाजवत असे, हेही खरं. वकीलसाहेब आले हे आळीला कळायला नको?

एके दिवशी तो दीर आमच्या ओटीवर आला. टोपी हातात घेऊन नुसता फिरवत बसला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, तेवढा वळणावर भोंगा नाय वाजवलात तर बरं होईल."

माझं डोकं तडकलं. म्हटलं, "आणि एखादा बैल चाकाखाली आला तर तुम्ही भरून देणार का?"

"तसं नाय हो." तो खाली बघत राहिला. "दादा संध्याकाळी तिथं वाजवायचा. तो वाजला की वहिनी चहाचं आधण ठेवायची. आता तुम्ही वाजवलात की ती उठते. चुलीपर्यंत जाते, मग तिच्या ध्यानात येतं. रोज."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईला मोटार डोळ्यांसमोरून घालवायची होती, म्हणून तिने मिळेल त्या किमतीला दिली. आणि मी तीच मोटार सकाळ-संध्याकाळ तिच्या दारावरून ओरडत नेत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी वळणाअलीकडे मोटार थांबवू लागलो. खाली उतरायचं, चालत जाऊन पलीकडे डोकावायचं, परत येऊन बसायचं. तेवढ्यात इंजिन बंद पडलं तर हॅन्डल मारायचं. आळीला फुकटची करमणूक झाली. "वकीलसाहेब, मोटारीला वाट दाखवाया तुमीच पुढं चालताव व्हय?" एका गाडीवानाने विचारलंच. मी हसून सोडून दिलं. खरं सांगायचं तर मनातून बरं वाटत होतं. आपण भरपाई करतो आहोत असं काहीतरी.

थंडी पडल्यावर आमच्या वाडीतले थोडे कणगराचे कंद त्या बाईकडे द्यायला पत्नी गेली. परतल्यावर तिने पानं मांडली. जेवताना मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, त्यांना सांगा, भोंगा बंद केलात, उपकार झाले."

"मग तोंड का उतरलंय तुझं?"

तिने माझ्या पानात भात वाढला. "आता कधी उठायचं ते कळत नाही म्हणाल्या. म्हणून दिवेलागणीपासून चुलीपाशीच बसून असतात. आधण ठेवून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वळणापाशी उतरलो, डोकावलो. रस्ता मोकळा होता. गडग्यापलीकडे तिच्या स्वयंपाकघराच्या कौलांतून धूर निघत होता. परत येऊन मोटारीत बसलो. भोंग्याकडे हात जाईना आणि मोटार पुढे न्यायचंही होईना.