अमोनिया प्रिंटचा हत्ती

मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी न मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि सांगलीत मी त्याचा भाडेकरू होतो. आमचे घरमालक सरकारी मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. कुंडलच्या मळ्यांपासून कर्नाटकच्या हद्दीपर्यंत त्यांनी लोकांच्या बांधांवर साखळी ओढली होती, आणि निवृत्तीनंतर ती सवय घरात आणली. जिन्याला पायऱ्या किती हे कोणताही घरमालक सांगेल. आमचे घरमालक प्रत्येक पायरीची उंची सांगत आणि सातवी अर्धा इंच जास्त आहे म्हणून पाहुण्यांना सहावीवर थांबवून सावध करत. दुधाच्या पातेल्याला त्यांनी आतून खुणा करून ठेवल्या होत्या. लेकीला साताऱ्याचे स्थळ आले तेव्हा मुलाची उंची पाच फूट सात इंच असल्याचे कळवण्यात आले होते. बैठक चालू असताना त्यांनी मुलाला "पाऊस आलाय का बघा जरा" म्हणून दारात उभे केले, चौकटीवर आधीच केलेल्या खुणेशी त्याचे डोके ताडून पाहिले आणि भर बैठकीत निकाल दिला, "पावणेसात हाय. पण चालतंय." लग्न झाले. मुलाच्या आईने मात्र तो पाव इंच लक्षात ठेवला.

त्यांचा दुसरा नियम मोजमापाचा नव्हता, पण तितकाच पक्का होता. मुलीच्या सासरी बापाने कामाशिवाय जायचे नाही. "सोयऱ्याच्या दारात उगंच जाऊन बसलं की माणूस हलकं हुतं," असे ते म्हणत. शैला ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली तोवर ते साताऱ्याला एकदाच, वास्तुशांतीला गेले होते, आणि जेवून त्याच दिवशी परतले होते. हा नियम त्यांना जड जातो असे ते कधी बोलले नाहीत. संध्याकाळी स्टँडवर जाऊन साताऱ्याची एसटी किती मिनिटे उशिरा आली एवढे पाहून मात्र ते रोज परत येत. त्या गाडीतून त्यांचे कोणी येणार नसे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शैला पहिल्या बाळंतपणासाठी सांगलीला आली. मिरजेच्या दवाखान्यात मुलगी झाली. बाहेर बाकावर बसले असताना घरमालकांच्या हाती एक इंग्रजी मासिक लागले. त्यात परदेशातल्या कुठल्या तरी तान्ह्या मुलाच्या खोलीचा फोटो होता. चारही भिंतींवर चित्रे. घरी येऊन त्यांनी बाळंतिणीची खोली पाहिली. खिडक्या बंद, कोपऱ्यात शेकाची शेगडी, भिंतीला पोपडे. "म्हंजे आमच्या नातीनं तीन म्हैने पोपडं बघत पडायचं व्हय?" त्यांनी विचारले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "तिच्या आईनं तेच बघितलं. काय बिघडलं तिचं?" पण तोवर टेप बाहेर निघाली होती.

बाजारातली तयार चित्रे त्यांनी नापास केली. फळे आणि प्राणी एकाच आकाराचे असतात, उंदीर आणि हत्ती सारखेच, आणि असला खोटा नकाशा पोरीला पहिल्याच महिन्यात दाखवणे बरे नव्हे, असे त्यांचे मत पडले. मग त्यांनी जन्मभर जे केले तेच केले. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने स्वतः चित्रे काढली आणि बांधकामाच्या नकाशांच्या प्रती काढून देणाऱ्या दुकानातून त्यांचे अमोनिया प्रिंट आणले. तीन फुटी कागद, निळ्या-जांभळ्या रेघा आणि खर्च दोन-चार चहांचा. प्रत्येक चित्रावर उत्तर दिशेचा बाण होता. खाली प्रमाण लिहिलेले होते. हत्तीच्या चित्रावर चतुःसीमाही होती: पूर्वेस आंब्याचे झाड, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस घोडा, उत्तरेस मोकळी जागा. तळाशी "मूळ ट्रेसिंगवरून रुजू पाहिले, बरोबर असे" आणि सही.

या प्रतींना अमोनियाचा उग्र वास येतो. काकूंनी ते कागद बाळंतिणीच्या खोलीत नेऊ दिले नाहीत, म्हणून दोन दिवस ते अंगणात दोरीवर वाळत होते. निळ्या रेघांचे मोठे कागद आणि शेजारी निवृत्त मोजणीदार, हे पाहून गल्लीत रस्ता रुंदीकरणाची बातमी पसरली. कोपऱ्यावरचे पिठाच्या गिरणीवाले तर हत्तीसमोर बराच वेळ उभे राहिले. "ह्यात आमची गिरण कुठं आली वो?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले. घरमालकांनी सोंड दाखवून सांगितले, "हे तुमचं न्हाई. हे हत्तीचं हाय." गिरणीवाले आणखीच काळजीत पडून गेले.

चित्रे लावण्याची उंची ठरवायला ते पाळण्याशेजारी जमिनीवर उताणे पडले. एका हातात टेप, दुसऱ्या हातात पेन्सिल, डोळे छताकडे. पण पाळणा हलतो. मग नजर कुठे ठरणार? त्यांनी काकूंना सांगितले, "मला सतरंजीवर घाल आन् हळूहळू इकडं-तिकडं वड."

"आवं, शुद्धीवर हाय न्हवं? पोरगी दूध पितीया, आन् ह्यो पंचाहत्तर किलोचा बाळ कुठनं आला!"

"त्र्याहत्तर," घरमालक सतरंजीवरून म्हणाले.

काकूंनी दोन्ही हातांनी ओढले. चित्रे भिंतीच्या खालच्या अंगाला, मोठ्या माणसाच्या गुडघ्याशी लागली. खोलीत गेलेल्या माणसाला हत्ती पाहायला मांडी घालून बसावे लागे. पण नात हत्तीकडे पाहत असे हे खरे आहे. मी स्वतः पाहिले आहे. हत्तीपाशी नजर आली की ती रडणे थांबवी, आणि घरमालक किती वेळ थांबली ते घड्याळात बघत.

तीन महिने झाले. शैलाची पाठवणी ठरली. त्या आठवड्यात घरमालकांनी काहीही मोजले नाही. आदल्या दिवशी ते एकदम उठून बाहेर गेले आणि चित्रांचा दुसरा संच काखेत घालून आले. "तिथं भिंत निराळी दिसली तर पोरगी रात्रंदिवस रडंल," त्यांनी जाहीर केले. "खोली हितल्यासारखी लावून द्याय पाहिजे. हे काम हाय." शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले.

साताऱ्याच्या घरात भिंतींना नुकताच डिस्टेंपर दिलेला होता. विहीणबाई दारातच आडव्या आल्या. हा प्रसंग मला शैलाने नंतर सांगितला.

"आवं व्याही, रंगाला म्हैना न्हाई झाला. खिळं मारू देनार न्हाई मी."

"खिळा न्हाई. टाचणी."

"टाचणीनं भोक न्हाई पडत व्हय?"

"पडतं की," घरमालक म्हणाले. "पण पाव इंचाचं न्हाई पडत."

विहीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि टाचण्यांची डबी घेऊन आल्या.

चित्रे लागली. काम संपले, घरमालक परतले, आणि पुढचे काम निघण्याची काही शक्यता नव्हती. दीड महिन्याने शेजारच्या टेलिफोनवर शैलाचा निरोप आला: हत्तीची सोंड दिसेनाशी झाली आहे. आधी त्यांचा विश्वासच बसेना. जन्मभर त्यांनी या प्रती हाताळल्या होत्या. पण कचेरीतले नकाशे फडक्यात गुंडाळून कपाटात राहतात, आणि सांगलीच्या खोलीच्या खिडक्या तीन महिने बंद होत्या. अमोनिया प्रिंट उन्हात उडतो हे मोजणीदाराला सिद्ध करून द्यायला साताऱ्याची पश्चिमेची खिडकी लागली. त्यांना हा आपला अपमान वाटला. अर्धा दिवस ते घुश्शात बसून होते. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आले असावे, कारण संध्याकाळी मला ते प्रिंटच्या दुकानाच्या वाटेवर शीळ घालत जाताना दिसले.

त्यानंतर ते दर दीड-दोन महिन्यांनी साताऱ्याला जाऊ लागले. कधी घोडा जाई, कधी उंट. नात रांगू लागली तशी चित्रे वर चढली, आणि त्यासाठी वेगळी खेप झाली. गल्लीत कोणी विचारलेच तर ते गाडीच्या घाईत सांगत, "फेरमोजणी हाय." नात बोलू लागली तेव्हा त्यांना हत्तीआजोबा म्हणू लागली.

दरम्यान मी बातमीदार होतो त्या वर्तमानपत्राने नवे ऑफसेट मशीन घेतले होते. मला वाटले, यांची धावपळ वाचवावी. मी त्यांना छापखान्यात नेले. मशीनवरच्या माणसाने हत्तीची एक प्रत पक्क्या शाईत, जाड कागदावर काढून दिली. घरमालकांनी रेघ न् रेघ ताडून पाहिली. काम चोख होते.

"किती दिवस टिकंल?" त्यांनी विचारले.

"दिवस? वीस वर्षं हलत न्हाई, काका."

त्यांनी कागद सावकाश गुंडाळला आणि मशीनवरच्या माणसाच्या हाती परत दिला. "नको गड्या," ते म्हणाले. "मग मी कशाला जाऊ?"

पुढे एकदा वार्तांकनासाठी साताऱ्याला गेलो असताना मी शैलाच्या घरी डोकावलो. नात साडेतीन वर्षांची झाली होती आणि मला घोड्याची चतुःसीमा पाठ म्हणून दाखवत होती. दुपारची वेळ होती. शैलाने चित्रांवर ऊन येऊ नये म्हणून पडदा ओढला आणि चहाला आत गेली. विहीणबाई उठल्या, पडदा पुरता मागे सारला, आणि हत्तीवर ऊन नीट पडते आहे ना ते वाकून पाहिले.

"सून वडती, मी सारती," त्या मला हळूच म्हणाल्या. "असं जपून ठेवलं तर व्याही दिवाळीपातूर यायचं न्हाईत. पोरगी रोज इचारती, आजोबा कवा येनार."

सांगलीला परतलो तेव्हा घरमालक पायऱ्यांवरच बसले होते. गेल्या खेपेला तीनच आठवडे झाले होते. त्यांनी शैलाची, नातीची, विहीणबाईंची खुशाली विचारली. मग चष्मा पुसत, सहज आठवल्यासारखे, "हत्ती कसा हाय?" म्हणाले.

"गेलाय बराचसा," मी म्हणालो.

"सोंड?"

"अंधुक."

"मग जायाच पाहिजे," ते म्हणाले आणि ट्रेसिंग काढायला घरात गेले. हत्ती त्या दिवशी भिंतीवर चांगला ठळक होता.