फोरमनचाचांची टर्की

अख्ख्या सौदी अरेबियात आमच्या फोरमनचाचांइतका सावध माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. चाचा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. वेल्डर म्हणून आले आणि खमीस मुशैतच्या आमच्या कॅम्पात फोरमन झाले. त्यांच्या हाताखाली इतक्या वर्षांत कुणाचं बोटही कापलं नाही. चहाच्या किटलीखाली गॅस पेटवायचा तरी आधी नळी तपासतील, शिडी चढणाऱ्याच्या बुटाच्या नाड्या स्वतः वाकून बघतील. एकदा हेल्मेटशिवाय आलेल्या मोठ्या साहेबांना त्यांनी साइटच्या फाटकावरूनच परत पाठवलं. साहेब निमूट गाडीकडे गेले आणि हेल्मेट घालून आले. आम्ही आ वासून बघत होतो. चाचा म्हणाले, "बघताय काय? डोकं साहेबाचं असलं म्हणून काय लोखंडाचं असतं?"

त्याच साहेबांनी ईदला आम्हा अठरा जणांसाठी एक भलीमोठी गोठवलेली टर्की पाठवली आणि कॅम्पात दोन तट पडले. आमचा मल्याळी कूक म्हणाला, ओव्हनमध्ये भाजू. चाचांनी मानच हलवली. "भाजून तिचा भुसा करशील. अख्खी तेलात सोडायची. वरून कुरकुरीत, आत लोणी."

"चाचा, आग लगेगी," कूक म्हणाला. त्याने चाचांना हे बोलायला नको होतं.

पुढचे तीन दिवस टर्की फ्रिजमध्ये वितळत होती आणि चाचा तिच्याभोवती फिरत होते. पातेल्यात आधी पाणी भरून त्यात ती बुडवून बघितली आणि तेल कुठवर घ्यायचं त्याची खूण केली. तिला उचलायला सळईचा आकडा वेल्ड केला, मग त्याला तिच्या दुप्पट वजनाची वाळूची गोणी टांगून तो तपासला. पाण्याचा थेंब राहिला तरी तेल उसळतं, म्हणून टर्की पुसून दोन तास पंख्यासमोर बसवली. बोहल्यावर चढणाऱ्या नवऱ्याचीही कुणी एवढी सरबराई करत नसेल.

ईदची नमाज झाल्यावर अंगणात पातेलं चढलं. आम्हा सगळ्यांना दोरीमागे उभं करून, भुकेल्या पोटी, गरम तेल या विषयावर चाचांचं भाषण झालं. तेल तापलं. चाचांनी टर्की आकड्याला अडकवून उचलली, आणि तेवढ्यात डोंगराकडून वाऱ्याचा झोत आला. बर्नरची ज्योत आडवी होऊन पातेल्याच्या कडेला भिडली. पाठोपाठ दुसरा झोत. "यल्ला चाचा, यल्ला!" लवकर सोडा म्हणून आम्ही ओरडलो. मीही ओरडलो. चाचा टर्की धरून तसेच उभे. मग वाकून त्यांनी गॅस बंद केला.

"खलास. आज तळण नाही."

मागून कुणीतरी हसलं. चाचांचे कान लाल झाले. सगळ्यांसमोरून ते टर्की दोन्ही हातांवर घेऊन कूकपाशी गेले. "ले भाई. तेरे ओव्हन में डाल." कूक हसला नाही. त्याने ती तशीच दोन्ही हातांनी घेतली.

तीन तासांनी टर्कीचा पहिला तुकडा कूकने चाचांच्या ताटात वाढला. चाचा बराच वेळ चावत राहिले. "अच्छा है," म्हणाले, आणि मग राहवलं नाही, "थोडा सूखा है." आता मात्र कूक डोळ्यांत पाणी येईतो हसला, आणि चाचाही.

मी हळूच विचारलं, "चाचा, वाईट वाटलं?"

"वाटणारच रे. तीन दिवस जपलं तिला." माझ्या ताटाकडे बघून म्हणाले, "तू भात घे अजून."

संध्याकाळी घरी फोन केला. ईदला काय जेवलास, असं आईने विचारलं, तर मी टर्कीचं सांगता सांगता चाचांबद्दलच बोलत राहिलो. असा माणूस माझा फोरमन आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना एकदा जेवायला घेऊन ये."

ते राहूनच गेलं. चाचा आता कायमचे गावी गेलेत. त्यांचं गाव आमच्या घरापासून एसटीने जेमतेम दोन तासांवर आहे. आई अजून विचारते, आणि माझी सुट्टी अजून मंजूर व्हायची आहे.