मेस्त्रींचं इंग्लंडातलं बाकडं

रविवारी सकाळी इथे आखातात, मुशैरिबच्या ऑफिसात लॅपटॉप उघडत होते, तेवढ्यात बालाजीचा फोन आला. बालाजी म्हणजे मेस्त्रींच्या खोलीत राहणारा नांदेडकडचा ड्रायव्हर. तो कधी फोन करत नाही, सणावाराला फुलांचे मेसेज तेवढे पाठवतो. "ताई, मेस्त्री वारले. गावाकडं, काल. छातीत दुखायलंय म्हणले, अन् दवाखान्यात नेईस्तोवर खलास..." हा शब्द इथे आम्ही दिवसातून दहादा वापरतो. मीटिंग खलास, पार्किंग खलास, पोळ्या खलास. माणसासाठी तो मी पहिल्यांदाच ऐकला. आठच दिवसांपूर्वी सुट्टीवर निघताना मेस्त्री आमच्याकडे निरोप घ्यायला आले होते. बाल्कनीतल्या बाकड्याचा प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाले, "परत येताना तुमका कोकमां हाडतंय, वयनी." ते जाऊन आता पाच आठवडे झाले. एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली आहे, म्हणून हे लिहायला बसले.

दत्ताराम मेस्त्री कुडाळकडचे. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपात सुतारकाम करायचे, बावीस वर्षं. अल रय्यानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाचं दार लागत नव्हतं, तेव्हा ते पहिल्यांदा आले. अर्ध्या तासात दार नीट केलं, हत्यारं पुसून पिशवीत घातली, आणि मग मी चहा आणला. कपाकडे बघून हसले. "वयनी, इंग्रज आधी चाय देता. हत्यार भायर काढूच्या आधी. आणि इचारता, साखर किती?" मी सांगलीची, टोमणा कळायला मला वेळ लागत नाही. मी म्हटलं, मग त्या इंग्रजाकडंच जायचं होतं की. तर म्हणाले, "थंयसूनच येतंय." आमची मैत्री झाली ती तिथून. त्यानंतर दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि तीन चमचे साखरेचा चहा प्यायचे. माझा नवरा त्यात चौथा चमचा टाकायची धमकी द्यायचा.

तो इंग्रज म्हणजे ॲलनसाहेब, इथल्या एका शाळेत गणित शिकवायचे. मेस्त्री त्यांच्याकडे पुस्तकांची कपाटं करायला गेले आणि त्या घराचे विद्यार्थीच झाले. दर शुक्रवारी मला नवा धडा मिळायचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना साहेब रोज न चुकता "आज जरा गरम आहे, नाही?" असं का विचारतो? धक्का मेस्त्रींचा लागला तर सॉरी तो का म्हणतो? एवढंसं काम केलं तरी चार दिवसांनी पाकिटातून आभाराचं कार्ड का पाठवतो? पहिलं कपाट झालं तेव्हा साहेबांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "नॉट बॅड." मेस्त्री बिचारे वर्कशॉपात जाऊन दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग कार्ड आलं, त्यात साहेबांनी लिहिलं होतं की इतकं सुंदर काम त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. तेव्हापासून "नॉट बॅड" ही मेस्त्रींची सर्वांत मोठी पदवी झाली. माझ्या कांदेपोह्यांना ती वर्षातून दोनदा मिळायची.

साहेबांची बायको मार्गारेट इथेच आजारी पडून गेली. नोकरी संपवून परत जाताना साहेबांनी मेस्त्रींना सागवानी बाकडं करायला सांगितलं. त्यांच्या गावात क्रिकेटचं मैदान आहे. माणूस गेलं की त्याच्या आवडत्या जागी त्याच्या नावाचं बाक ठेवायचं, अशी तिकडे पद्धत. पाठीवर दोनच ओळी कोरायच्या होत्या: मार्गारेट, तिला ही जागा आवडायची. मेस्त्रींनी विचारलं, "देणाऱ्याचा नाव खंय घालूचा?" साहेब म्हणाले, माझं नाव नको. आता आपल्याकडे देणगी देणारा नेहमीच नाव नको म्हणतो, आणि घेणाऱ्याने ते तरीही घालायचं असतं. देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा "यांजकडून" असतं. मेस्त्रींनी तोच मान राखला. साहेबांचं नाव मार्गारेटच्या नावापेक्षा बोटभर मोठं कोरलं, वर वेलबुट्टी काढली. साहेब बघायला आले, बाकड्यावर बसले. मग अगदी हळू म्हणाले, फार त्रास होणार नसेल तर... मेस्त्रींनी दोन दिवसांत पाठीची नवी फळी बसवली. हे सांगताना त्यांचे कान लाल व्हायचे. "माणूस खराच नको म्हणी होतो, वयनी. माका कळलाच नाय."

ती काढलेली फळी त्यांनी टाकली नाही. तिचंच एक लहान बाकडं करून आमच्या बाल्कनीत आणून ठेवलं, कोरलेली बाजू भिंतीकडे. मोठं बाकडं तोवर साहेबांच्या सामानात बांधून इंग्लंडला निघून गेलं होतं. मी ते कधी पाहिलं नाही. मेस्त्रींच्या फोनमध्ये फोटो होता तो नुसत्या अक्षरांचा, कारण त्यांना अभिमान अक्षरांचा. त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला. एकदा तिकडे जायचं आणि आपण केलेल्या बाकड्यावर बसायचं. दोनदा व्हिसाचा फॉर्म मी भरून दिला, दोन्ही वेळा नकार आला. इन्शाल्ला पुढच्या वर्षी, असं म्हणून ते कागद नीट घडी करून खिशात घालायचे. मला ती घडी बघवायची नाही.

गेल्या वर्षी ऑफिसने मला चार दिवस लंडनला पाठवलं. मेस्त्रींना कळलं आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की जणू व्हिसा त्यांनाच मिळालाय. शनिवार मला मोकळा होता, साहेबांचं गाव रेल्वेने दोन तास. "माझ्या वतीन एकदा बसा, वयनी. आणि सांधे बघा, तिकडे पावस लय." मी हो म्हटलं. अगदी मनापासून हो म्हटलं होतं... शनिवारी दहाला जाग आली, बाहेर पाऊस पडत होता. मग लेकीचे बूट घ्यायचे होते, नवऱ्याचं जॅकेट. दुपारी दोन वाजता, पिशव्या दोन्ही हातांत धरून एका दुकानाच्या दारात उभी असताना मला कळलं की आता जाणं होत नाही. कुणी अडवलं नव्हतं. मीच गेले नाही.

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी मेस्त्री वेळेआधीच हजर. चहाला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "सांधे सुटले नाय मा?"

"नाही हो. जसेच्या तसे."

"लोक बसतत?"

"बसतात की. मी पण बसले."

"खंय बसलास?"

"मधोमध! ऐसपैस."

त्यांनी कप उचलला, पुन्हा बशीत ठेवला. "नॉट बॅड, वयनी," ते म्हणाले. आणि इथल्या उकाड्याबद्दल बोलायला लागले. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. फोटोसुद्धा मागितला नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

ते वारल्यावर आभाराच्या एका जुन्या कार्डावरचा पत्ता शोधून मी ॲलनसाहेबांना ई-मेल केली. उत्तर ऑफिसच्या पोस्ट बॉक्सात आलं, पाकिटात, शाईने लिहिलेलं. मेस्त्रींसारखा सभ्य माणूस आपण पाहिला नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे होतं: "तुम्ही त्या शनिवारी येणार असल्याचं त्यांनी मला कळवलं होतं. मी दोघांपुरता चहा फ्लास्कमधून नेला होता. पण पाऊस फारच होता, तुम्ही आला नाहीत ते योग्यच केलंत. मेस्त्रींना मी काही कळवलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, पण त्यांनी विचारलं नाही." सोबत बाकड्याचा फोटो होता. हिरवं मैदान, मागे पांढरं कुंपण, ओलं सागवान. आणि बाकड्याच्या बरोबर मध्ये, दोन जागांच्या मधोमध, खुर्चीला असतो तसा एक भक्कम लाकडी हात. त्याबद्दल साहेबांनी लिहिलं होतं की तो हात बसवायला मेस्त्री अजिबात तयार नव्हते. नवरा-बायकोच्या मध्ये लाकूड कशाला, म्हणून दोन दिवस वाद घातला. शेवटी साहेबांनी सांगितलं की आमचे चहाचे कप आम्ही दोघं कायम बाकाच्या अशाच मधल्या हातावर ठेवत आलोय, तेव्हा कुठे ते कामाला लागले.

मधोमध कुणाला बसताच येत नाही. ज्याने स्वतःच्या हाताने तो हात बसवला, त्याच्यासमोर मी ऐसपैस म्हणाले होते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्यांना कळलं असणार. तरी पुढचे आठ महिने ते दर शुक्रवारी आले, माझ्या हातचा चहा प्याले, माझ्या लेकीचं अभ्यासाचं टेबल करून दिलं. मला एका शब्दानेही ओशाळं केलं नाही. मला खूप आठवण येते त्यांची. दुपारी तीनच्या सुमाराला लिफ्टचा आवाज आला की अजून वाटतं, बेल वाजेल. वाजली तर दार उघडायच्या आधीच सगळं सांगून टाकेन, असंही वाटतं.

परवा बाल्कनीतलं बाकडं भिंतीपासून ओढून मागची अक्षरं पुसली. वेलबुट्टीत धूळ बसली होती, ती काडीने काढली. या बाकड्याला मध्ये हात नाही. तो त्यांनी आमच्यासाठी ठेवलाच नाही, का ते आता कळतंय. ऑगस्टमध्ये मला पुन्हा लंडनला जायचंय. साहेबांना आधीच लिहिलं की मागच्या वेळी मी आले नव्हते, मेस्त्रींशी खोटं बोलले, आणि या वेळी पाऊस असला तरी येणार आहे. मोठं उत्तर येईल, निदान एखादा शब्द रागाचा, म्हणून वाट बघत होते. आलं ते दोन ओळींचं. कोणत्या स्टेशनवर उतरायचं ते, आणि खाली: चहात साखर किती?

मी बिनसाखरेचा पिते. उत्तरात तीन चमचे लिहिलं.