गर्दीवर विश्वास नसलेले काका

खरं सांगा, तुमचं काम अडलं आणि समोरच्याने 'गर्दी फार आहे हो' असं म्हटलं, तर तुम्ही कधी मान उंचावून ती गर्दी मोजली आहे का? मी मोजली नव्हती. रेशनच्या दुकानात, सरकारी दवाखान्यात, आबिड्सच्या पोस्टात हे कारण मी निमूट गिळत आले होते. तेही वडिलांनी छापलेली पत्रकं वाटत वाढलेली, कुणालाही जाब विचारायला टपलेली मुलगी असून. अख्ख्या हैदराबादेत या कारणावर काडीचाही विश्वास नसलेला एकच माणूस मी पाहिला. ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका.

एम. ए. करायला मी मावशीकडे कुकटपल्लीला राहायला गेले तेव्हा देशाची दारं बाजाराला नुकतीच उघडली होती, आणि गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर कॉम्प्युटर क्लासची पाटी आली होती. काकांचं घराणं जुन्या निजामी मुलखातलं, शेती सोडून शहरात आलेलं. मराठी बोलता बोलता मध्येच 'नक्को', 'कायको' येणारच. ते ज्या ऑफिसात होते तिथे इंटरनेट तारेशिवाय, हवेतून नीट कसं चालवायचं यावर काम चाले. म्हणजे माझ्या हिशेबी ते सरळसरळ परक्या भांडवलाचे हस्तक. म्हणून पहिल्याच दिवशी मी त्यांच्या हातात खुल्या बाजाराविरुद्धचं आमचं पत्रक ठेवलं आणि भांडणाची वाट पाहत उभी राहिले. काकांनी ते पाठपोट वाचलं, दोन ठिकाणी छपाईच्या चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. किती जणांना वाटलंस?"

"पाचशे."

"त्यातल्या किती जणांना पोचलं?"

"वाटलं म्हणजे पोचलंच ना!"

"कायको? त्यांनी पोच दिली?" असं म्हणून ते शांतपणे आंघोळीला गेले. माझ्या राजकीय आयुष्यातला तो पहिला पराभव.

पोच ही काकांची दुखरी नस होती. इंटरनेटवर कुठलाही मजकूर तुकडे करून पाठवतात आणि पलीकडचा प्रत्येक तुकड्याची पोच देतो, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं, आणि घरातही तोच कायदा लागू असल्याचं मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. 'नळ आला' असं त्यांनी सांगितलं आणि आपण 'बरं' म्हणालो नाही, तर थोडं थांबून ते पुन्हा 'नळ आला' म्हणत. सबंध बादली भरून वाहायला लागली तरी म्हणत. एकाच गोष्टीची पोच तीनदा जादा आली तर पुढचा तुकडा वाटेत पडला असं समजायचं, हा त्या व्यवसायातला नियम आहे. त्यामुळे मावशी वैतागून 'हो, हो, हो, हो' म्हणाली की काका पुढचं वाक्य अक्षर न बदलता पुन्हा म्हणायचे. मावशी म्हणायची, "माझ्या वडिलांनी पत्रिका पाहिली, घर पाहिलं, शेती पाहिली. हे तेवढं विचारायचं राहून गेलं."

पंगतीला वाढायचं कामही काका कुणाला करू देत नसत. आधी एक पुरी. पाहुण्याने ती खाल्ली की दोन. त्या संपल्या की चार. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की लगेच निम्म्यावर यायचं आणि तिथून पुढे जपून, एकेक वाढवत जायचं. जगातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना असंच वाढतात असं ते अभिमानाने सांगत. एकदा पुण्याहून मामा आले होते. मावशीचं मिरचीचं लोणचं त्यांना झोंबलं, ठसका लागला आणि ठसक्यात हात आडवा झाला. काका निम्म्यावर आले. दुसरा ठसका, आणखी निम्मं. तिसऱ्या ठसक्याला मामांच्या पानात अर्धी पुरी पडली. जेवण उरकल्यावर मामा स्वयंपाकघरात उभ्याने डब्यातला चिवडा खाताना सापडले, आणि पकडलं नेमकं काकांनी. दुसरा कुणी शरमेने मेला असता. काका टाळी वाजवून ओरडले, "हेच! हेच तर मी सहा महिने ऑफिसात सांगतोय!" माझं एक पत्रक ओढून त्याच्या पाठीवर ते आकृत्या काढायला लागले. तारेतला तुकडा हरवतो तो बहुतेक वेळा गर्दीमुळे. म्हणून तारेच्या काळात शहाण्यांनी नियम केला, की काही हरवलं तर वाटेत गर्दी आहे असं समजा आणि वेग निम्मा करा. हवेत मात्र तुकडा हरवायला गर्दी लागत नाही. मध्ये झाड आलं, पाऊस आला, की हरवला. बिचारा कॉम्प्युटर इकडे गर्दी समजून हळू होत राहतो आणि रस्ता मोकळा पडलेला असतो. "पोट भरलं नव्हतं, ठसका होता!" मामांकडे बोट दाखवून काका म्हणाले. मामांनी चिवड्याचा डबा सोडला नाही.

बेगम बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे एक शिक्षाच होती. हवेतला संदेश झेलायला ताटलीसारखा अँटेना लागतो, आणि विकतच्या ताटलीपेक्षा भांड्यांच्या बाजारात चांगला आकार मिळतो असं त्यांचं मत होतं. परातीएवढी जाळीदार चाळणी उन्हात धरून ते एक डोळा मिटून तिचा बाक तपासायचे. दुकानदार म्हणाला, "साब, इत्ती बडी छन्नी? कित्ते लोगां हैं घर में?" काका गंभीरपणे म्हणाले, "तीन. पर बातां बहुत करते."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मग बालानगरचा दवाखाना आला. तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी एका ट्रस्टने तो चालवला होता. एक्स-रेचं यंत्र होतं, पण फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाई ट्रस्टच्या मोठ्या इस्पितळात, चार-पाच किलोमीटर पलीकडे, सकाळी दहा ते अकरा एवढाच वेळ बसायच्या. तिकडे जायचं म्हणजे अख्खी रोजी बुडायची, म्हणून कामगार जातच नसत. काकांनी ऑफिसची जुनी यंत्रं मागून आणली, परवान्यासाठी खेटे घातले, दोन्ही गच्च्यांवर खांब उभे केले आणि एक्स-रेची चित्रं हवेतून पाठवायची सोय केली. माझा त्यांच्याबद्दलचा 'हस्तक' हा शब्द मी तेव्हाच मागे घेतला, मनातल्या मनात.

चित्रं मात्र जाईनात. संध्याकाळी चाचणी घेतली की भराभर जात, आणि सकाळी नेमक्या त्या तासात दहांपैकी दोन. ट्रस्टचे व्यवस्थापक म्हणाले, "लाईनवर गर्दी असेल. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर हे बंद करून टाकू." बाकावर यादगिरी बसलेला होता. ओतकामाचे तुकडे घासून गुळगुळीत करायचं त्याचं काम. चार महिन्यांचा खोकला. त्याचं चित्र तीन दिवस अर्ध्यात अडकलेलं. काका व्यवस्थापकांना म्हणाले, "गर्दी कोणाची? या वाटेवर आपल्याशिवाय कुणी आहे का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बरोबर दहा वाजता गच्चीवर चढलो. खांबाच्या पुढ्यात, शेजारच्या गच्चीवर, तीस-चाळीस ओल्या चादरी टपटपत होत्या. शारदम्मा नावाच्या बाई तिथे नोकरदार पोरांचं हॉस्टेल चालवायच्या. रोज सकाळी धुणं, दुपारी वाळलेलं खाली. आम्ही नेहमी संध्याकाळी चढायचो, म्हणून चादरी कधी दिसल्याच नव्हत्या. ओलं कापड हवेतल्या लहरी पिऊन टाकतं, आणि परवान्यात उंची ठरलेली असल्याने खांब वर नेता येत नव्हता.

"सोपं आहे," मी म्हणाले. "त्यांना सांगू या, दुपारी वाळत घाला."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते आठवतं. "तुझ्या पत्रकात कष्टकरी बायका असतात ना? मग ही कोण? ऊन हिच्या गच्चीवर दहाला येतं. यंत्रासाठी तिने दिवस बदलायचा? आणि आज चादर आहे, उद्या पाऊस असेल, परवा कुणी मजला चढवेल. किती जणांना हटवशील? यंत्राला शहाणं करायला पाहिजे." माझ्या राजकीय आयुष्यातल्या पराभवांची संख्या मोजणं मी तिथेच सोडलं.

त्यांनी सुट्ट्या घेतल्या आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो दवाखान्याच्या खांबापाशी बसायचा, नुकत्याच हवेत सोडलेल्या तुकड्यांची नक्कल जवळ ठेवायचा आणि पलीकडून पोच आली नाही की मूळ कॉम्प्युटरला न घाबरवता तिथूनच तो तुकडा पुन्हा टाकायचा. कॉम्प्युटरला वाटेत काही हरवल्याचा पत्ताच लागायचा नाही, त्यामुळे तो हळू व्हायचा नाही.

महिनाअखेरीला, प्रोग्राम नुकताच बसवलेला असताना, ट्रस्टची माणसं पाहायला आली. आम्ही गच्चीवर गेलो तर शेजारची गच्ची रिकामी. व्यवस्थापक हळूच म्हणाले, "मीच सांगितलं त्यांना, आज धुणं नको म्हणून. तुमची फजिती नको." ते सद्भावनेने म्हणाले होते, पण काकांचा चेहरा पडला. दहाला पाच कमी होते. काकांनी चपला काढल्या, मधला कठडा ओलांडला आणि हाक मारली, "शारदम्मागारू! चद्दरां किधर हैं?"

"नीचे बादली में हैं, सार. तुमारेच आदमी मना करे ना!"

"लाओ, लाओ. सब लाओ. और गीली करो."

"पागल हो गए क्या सार?"

"अभी नक्को पूछो, अम्मा!"

आणि मग ट्रस्टच्या प्रतिष्ठित मंडळींनी पाहिलं, की चष्मा घातलेला एक पोक्त इंजिनियर पँट गुडघ्यापर्यंत भिजवून स्वतःच्या यंत्राच्या तोंडावर ओल्या चादरी वाळत घालतो आहे. शारदम्मा चिमटे देत होत्या आणि "उलटा डालते क्या, ऐसा नही सार" म्हणून त्यांच्या चादरी सरळ करत होत्या. मी खाली पळाले. पहिलं चित्र यादगिरीचं लावलं होतं, इतके दिवस अडकून पडलेलं. पडद्यावरची रेघ निम्म्यावर आली, किंचित अडखळली. मग ती पुढे सरकली. सगळं चित्र गेलं. मग दुसरं. मग नववं. अकराला दहा कमी असताना फोन वाजला. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "यादगिरी कौन है? उसको उस काम पे वापस मत भेजो. दवा लिख रही हूँ, आजच शुरू करो." यादगिरीला सगळं कळलं नसावं. त्याने वर गच्चीकडे पाहून हात जोडले. काका तेव्हाही चादरी घालत होते. त्यांना कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं.

ऑफिसला तो प्रोग्राम कुलपात हवा होता. काका म्हणाले, सुट्टीत घरी लिहिला आहे, आणि तो कुणालाही वापरता येईल असा खुला ठेवून दिला. त्यावर नाव घातलं नाही. मी भांडले, तर म्हणाले, "नावाने तुकडा लवकर पोचतो का?"

आता काकांचे गुडघे गेले. जिना चढता येत नाही. जुन्या तारा जाऊन नव्या आल्या, हातातल्या फोनवर चित्रं पळतात, आणि शहराबाहेरच्या लहान दवाखान्यांत ती अजूनही अडतात. तिथली माणसं काकांना फोन करतात. काका फोनवरून सांगत राहतात, हे बघा, ते बघा. पण पलीकडे ते बघता येणारं कुणी नसतं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ खिडकीशी बसून राहतात. मला लिहिता येतं, त्यांचं ते काम येत नाही, याची इतकी खंत मला कधी वाटली नव्हती.

म्हणून तुमच्यापैकी ज्यांना हे काम येतं, त्यांना एकच विनंती. या आठवड्यात तुमच्या जवळच्या एखाद्या लहान दवाखान्यात जा. तिथल्या कंपाउंडरला विचारा, काय पाठवता आणि काय पोचत नाही. तो सांगेल ते सगळं ऐका, आणि मग त्याच्या शेजारी बसून, तासभर का होईना, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.