पाचूबंदरावरच्या जोडप्याचा मी टाकलेला फोटो

मित्रहो, सकाळी पाचूबंदरावर साखरपुडा झालेलं एक जोडपं होडीवर चढून फोटो काढून घेत होतं. मीही त्यांचा फोटो काढला, न विचारता. इथे आपल्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "कोळ्यांची होडी म्हणजे यांचा स्टुडिओ! लाज नाही." तुम्हीही टाळ्या वाजवल्यात.

तेवढ्यात त्या मुलीनेच हाक मारली. "काका, आमचा फोटो काढलात ना? मला पन पाठवा. बाबांचीच होडी हाय ही. ते बोलले, लग्नाआधी हिच्यावर एक फोटो पायजे."

फोटो पाठवला, पोस्ट काढून टाकली. पण सभा गाजवणारा मी, काय लिहिलं होतं ते तिच्यापासून लपवून घरी आलो.

कुणी ती पोस्ट पुढे पाठवली आहे का? खरं सांगा. तिला ती दिसण्याआधी मला कबुली द्यायला तिच्या दारात जायचंय.