ट्रॅक्टरचा आवाज आला की

हरणीला ताप नव्हता. श्वास ठीक, शेण ठीक, डोळ्यांत पिवळेपणा नाही, कुठे सूज नाही. तपासणीच्या माझ्या यादीतलं सगळं बरोबर होतं आणि दिवस भरत आलेली ती गाभण गाय माझ्यासमोर वाळत चालली होती.

"मंग हिला झालंय तरी काय, बाई?" कौसाबाईंनी विचारलं. गायीचं दावं त्यांनी मनगटाला गुंडाळलं होतं.

"रक्त घेतलंय. रिपोर्ट आला की कळेल."

"रगात घ्या, कायबी करा, पर हिला वाचवा. पोरगा अन् सून ऊस तोडायला गेल्यात. जाताना म्हणला, आई, दुसरं काई नको, हरणी तेवढी सांभाळ. त्यो आल्यावर मी रिकामं दावं दाखवू का त्याला?"

मी एका सहकारी दूध संघात पशुवैद्यकीय अधिकारी आहे. त्या साली पाऊस झालाच नव्हता. लिंबागणेशच्या पलीकडच्या माळावर एका गावच्या दूध सोसायटीने चारा छावणी उघडली होती. छावणी म्हणजे जनावरांचा तात्पुरता मुक्काम. घरी चारा नाही, विहिरीत पाणी नाही, म्हणून लोक जनावरं माळावर आणून बांधतात. वरती शेडनेट, खाली दावणी. जनावरासोबत घरातलं एक माणूसही तिथेच राहतं. हरणीसोबत कौसाबाई होत्या.

दुखणं एकट्या हरणीचं नव्हतं. सगळ्या छावणीचं दूध घटलं होतं. दोन गायी गाभडल्या होत्या, म्हणजे दिवस भरण्याआधीच वासरू टाकून मोकळ्या झाल्या होत्या. असं झालं की आम्हाला पहिली भीती साथीच्या गर्भपाताची. मी सगळ्या गाभण गायींचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. रिपोर्ट आला. साथ नाही. चारा तपासला, बुरशी नाही. पाणी तपासलं, ठीक.

संघाच्या एमडींचा, म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांचा, फोन आला. तो दिवसा-रात्री कधीही यायचा.

"मॅडम, निदान काय?"

"अजून नाही, सर."

"अजून म्हणजे? दुधाचं संकलन रोज खाली चाललंय. संध्याकाळपर्यंत मला काहीतरी लिहून पाठवा."

काय लिहून पाठवणार? मी पुन्हा छावणीत गेले आणि या वेळी स्टेथोस्कोप न काढता नुसतीच दावणीच्या बाजूने चालत राहिले. आणि मला गायींचे गुडघे दिसले.

स्वच्छ होते.

बसणाऱ्या गायीचे गुडघे कधी स्वच्छ नसतात. त्यांना माती लागते, शेण लागतं, कुशीवर डाग पडतात. इथे ओळीने उभ्या असलेल्या गायी धुऊन काढल्यासारख्या होत्या. निरोगी गाय दिवसाचा जवळपास अर्धा वेळ बसून असते. बसली की रवंथ करते, कासेकडे रक्त जास्त जातं, दूध तयार होतं. या गायी जवळपास बसतच नव्हत्या. सगळीच्या सगळी दावण बसत नाही, असं मी इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

का बसत नाहीत, याचं उत्तर थोड्याच वेळात रस्त्यावरून आलं. मुरूम भरलेला एक ट्रॅक्टर छावणीशेजारून गेला. आवाज लांबून आला मात्र, सगळ्या दावणींतल्या सगळ्या गायींनी एकदम कान टवकारले. ज्या दोन-चार बसल्या होत्या त्याही उठल्या. माना रस्त्याकडे. रवंथ बंद. ट्रॅक्टर निघून गेला, तरी माना वळल्या नाहीत.

चारा ट्रॅक्टरने यायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी दिवस मावळल्यावर. पाण्याचे टँकरही ट्रॅक्टरला जोडलेले, रस्त्याच्या कामाचा मुरूमही ट्रॅक्टरमधून. दिवसभरात कितीतरी आवाज, त्यातला चाऱ्याचा एक. तो कोणता, हे गायीला कळणार कसं? म्हणून ती प्रत्येक आवाजाला उठत होती.

ताण म्हणजे नेमकं हेच. धोका किंवा आशा दिसली की शरीर तयार होतं. हृदय जोरात चालतं, स्नायू ताठ होतात, पचन थांबतं. हे थोडा वेळ झालं तर चांगलंच, त्यानेच जीव वाचतो. पण तयारी उतरायला वेळच मिळाला नाही, तर शरीर स्वतःलाच खायला लागतं. गाभण गायीत ताण फार वाढला तर वासरूही वेळेआधी बाहेर पडतं.

निदान सापडलं म्हणून मी खूश होते. हरणीपाशी गेले. कौसाबाई दावणीशी उकिडव्या बसल्या होत्या.

"कौसाबाई, तुमच्या हरणीला रोग नाही. ती ट्रॅक्टरच्या..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. रस्त्यावर पुन्हा आवाज आला. हरणीने मान वर केली आणि त्याच क्षणी कौसाबाई झटक्यात उठल्या. अगदी त्याच क्षणी. माझ्याकडे न बघता रस्त्याच्या दिशेने निघाल्या, दोन पावलं टाकली आणि कोसळल्या.

गळ्यात जनावरांचा स्टेथोस्कोप होता, तोच त्यांच्या छातीला लावला. गायीचं काळीज संथ चालतं, माझ्या कानाला त्याची सवय. हे धावत होतं. जमिनीवर पडलेल्या बाईचं काळीज अजूनही ट्रॅक्टरमागे धावत होतं.

सोसायटीच्या जीपमधून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बीपी मोजलं. आकडा एवढा चढलेला की मशीन बिघडलंय असं वाटून दुसरं मागवलं. त्यावरही तेच.

"आज थोडक्यात वाचल्या. झोप होते का यांची?"

मला माहीत नव्हतं. मी रोज त्यांच्या गायीची चौकशी करत होते.

त्यांचं अंथरूण आणायला मी छावणीत परतले. शेडच्या कोपऱ्यात गोधडी होती. काथ्याने बांधलेली, वर धुळीचा थर. घरून आणली तशीच. गाठ एकदाही सुटलेली नव्हती. मी शेजारच्या शेडमध्ये पाहिलं. तिथेही वळकटी बांधलेली. त्याच्या पुढेही.

"तुम्ही झोपता कुठे?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"झोपायला कोन हितं येतंय? टेकतो असंच खांबाला. ट्रॅक्टर कवा येईल काय भरवसा? म्होरं उभारलं तर उसाचं हिरवं वाढं गावतं. मागं राहिलं की निसती चिपाडं."

"पण चाऱ्याचं वजन तर सगळ्यांना सारखंच मिळतं ना?"

"वजन सारकं हाय. पर गाय काय वजन खाती का?"

मी तडक सोसायटीच्या चेअरमनकडे गेले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. खुर्ची असून टेबलाशी उभेच होते. एक फोन कानाला, दुसरा टेबलावर वाजत होता.

"अण्णा, चाऱ्याची वेळ ठरवा."

"मॅडम, चारा तीन जिल्ह्यांतून गोळा करतोय मी. गाडी आली की लगेच वाटतो. उगं एक मिनिट ठिवत न्हाई. आनखी काय करू?"

"ठेवा. तेच सांगतेय. आज आलेला चारा उद्या वाटा. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळेला. वाटप रोज वेगळ्या दावणीपासून सुरू करा."

"अन् गायीला घड्याळ तुमी बांधनार का?"

मी कौसाबाईंची गोधडी टेबलावर ठेवली. सांगितलं, ही गाठ छावणीत आल्यापासून सुटलेली नाही. अशा बाकीच्याही आहेत, चला दाखवते. अण्णांनी काथ्याला हात लावला. टेबलावरचा फोन वाजत राहिला, त्यांनी तो उचलला नाही. हळूच खाली बसले.

"आयला," म्हणाले. मग, "मॅडम, डोळा तर माजाबी लागत न्हाई. मला वाटलं, गाड्यांची चिंता मला एकट्यालाच हाय."

एक अडचण होती. आजचा चारा उद्यासाठी ठेवायचा तर आज जनावरं काय खाणार? मी एमडींना फोन लावला. एका दिवसापुरता मुरघास हवा, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा.

"मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात. इलाज करा, मॅनेजमेंट नको."

"सर, निदान लिहून घ्या. चारा कधी येईल याचा ताण. इलाज, मुरघासाची एक गाडी."

"पाठवतो," ते म्हणाले.

अण्णांनी चाऱ्याच्या गाड्या माळाखालच्या गोदामात उतरवायला सुरुवात केली. तिथून छावणीत चारा बैलगाडीने यायचा. शाळेत असतो तसा लोखंडी रुळाचा तुकडा शेडला टांगला. टोल वाजला की चारा, एरवी नाही. एवढाच बदल. चाऱ्यात एक पेंढीही वाढवली नव्हती.

पहिले काही दिवस कुणाचा विश्वास बसेना. गायींचाही नाही. ट्रॅक्टर गेला की सगळे उभे. मग हळूहळू एकेक गाय बसू लागली. गुडघ्यांना माती दिसू लागली. इतक्या वर्षांत घाणेरडे गुडघे बघून मला पहिल्यांदाच आनंद झाला. त्यानंतर एकही गाय गाभडली नाही.

कौसाबाई गोळ्या घेऊन परतल्या. मी त्यांच्यासाठी कागदावर चार ओळी लिहिल्या: गोळी सकाळी, मीठ कमी, दुपारी आडवं व्हायचं, टोल झाल्याशिवाय उठायचं नाही.

"हे माज्यासाठी हाय का हरणीसाठी?" त्यांनी विचारलं.

"दोघींसाठी."

"मंग तिला बी गोळी द्या एक," म्हणाल्या आणि हसल्या.

हरणी पूर्ण दिवस भरून व्याली. कालवड झाली. मी सकाळी पोहोचले तेव्हा कौसाबाईंची गोधडी शेडमध्ये अंथरलेली होती आणि त्या तिच्यावर कुशीला वळून झोपल्या होत्या. हरणी शेजारी बसून रवंथ करत होती. कालवड तिच्या पोटाशी. मी पालथ्या पाटीवर बसून नोंद लिहू लागले.

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला.

हरणीचा कानही हलला नाही. कौसाबाईंचा श्वास तसाच. सगळी दावण बसलेली.

उभी राहिले होते ती फक्त मी. हातातलं पेन खाली पडलं होतं, खिशातला मोबाईल हातात आला होता आणि तो वाजलेलाही नव्हता.

मी पुन्हा बसले. घरी आल्यावर आमच्या दारात एक घंटी टांगली. संध्याकाळी ती वाजवते आणि मोबाईल कपाटात ठेवते. घरचे हसतात. गायींना सवय लागायला काही दिवस पुरले. मला पाऊण वर्ष लागलं.