नर्मदा, क्षिप्रा आणि माझी खुरपी

बसा, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर मोठा घोट घेण्याआधी हसून घ्या. मी जो गाढवपणा सांगणार आहे, तो ऐकताना आमच्या नानांच्या नाकात चहा गेला होता. नाना म्हणजे माझे वडील. आठ दिवस शिंकत होते बिचारे!

गोष्ट देवासची. संस्थान नुकतंच गेलं होतं. दरबार गेला, पण दरबारापाठोपाठ आलेली आमच्यासारखी मराठी घरं जातात कुठं? नानांची कचेरी तीच, खुर्ची तीच, फक्त कागदावरचा शिक्का बदललेला. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि गल्लीत माळवी. आम्ही पोरी एका वाक्यात तिन्ही बोलायचो आणि कुणाला काही खटकायचं नाही.

भिंतीला भिंत लागून फुलमाळ्यांचं घर होतं. तिथली केसर माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे कशी? तिच्या घरी मक्याची राबडी झाली की वाटी आमच्याकडं, आमच्याकडं पुरणपोळी झाली की ताट तिच्याकडं. भादव्यात पितृपंधरवडा लागला की आम्ही दोघी मधल्या भिंतीवर संजा मांडायचो. तुम्हाला संजा ठाऊक नाही? अहो, माळव्यातल्या पोरींची देवी ती! रोज संध्याकाळी भिंतीवर शेणानं चित्र काढायचं, त्यावर फुलं चिकटवायची, आरती करायची, गाणी म्हणायची. संजाबाई म्हणे माहेरी आलेली असते आणि पंधरवडा सरला की सासरी जाते. सकाळी आदल्या दिवशीची संजा खुरपीनं उतरवायची आणि टोपलीत ठेवायची. केसरनं मला हे सगळं शिकवलं होतं, आणि वर दम दिला होता, "सुमी, सुबे बासी संजा दिवाल पे दिखी तो संजाबाई रूस जावे!"

हे बासी, म्हणजे शिळ्या संजेचं वाक्य लक्षात ठेवा. माझं वाटोळं त्यानंच केलं.

आता शाळेत काय झालं? नव्या बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका आल्या आणि येताना हाउसचं खूळ घेऊन आल्या. शाळा ती केवढी! दोनच हाउस झाली. नर्मदा आणि क्षिप्रा. तांब्याच्या घागरीत रिबिनी टाकल्या, प्रत्येकीनं डोळे मिटून एक काढायची. पिवळी निघाली तर नर्मदा, निळी निघाली तर क्षिप्रा. केसरनं माझ्याआधी हात घातला आणि निळी काढली. मी घागरीत हात घालून गणपतीला, अंबाबाईला, टेकरीवरच्या मातेला, सगळ्यांना साकडं घातलं. निघाली पिवळी!

मी बहनजींना म्हटलं, "बहनजी, बदल दीजिए ना."

"खेल भावना रखो, सुमन!"

झालं. त्या दिवसापासून खो-खोत केसर पळायची आणि मी तिच्या मागं. पकडली की ती म्हणायची, "अरी बेन, छोड़ दे, घर चलके राबड़ी खिलाऊंगी." मी सोडायची नाही. पण खरं सांगू का? तिला पकडल्यावर मला मुळीच आनंद व्हायचा नाही. संध्याकाळी दप्तर टाकून तिच्या ओट्यावर जाऊन बसेपर्यंत काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

आणि त्या वर्षी तर फारच. कारण केसरची सगाई झाली होती सोनकच्छला, आणि देवउठनी ग्यारसनंतर, म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर लग्न होतं. संजा कुंवारपणीच मांडायची असते. म्हणजे ही तिची शेवटची संजा. मला ती तिच्याबरोबर मांडायची होती, आमच्या त्या मधल्या भिंतीवर. दुसरं काही नको होतं.

पण बडी बहनजींनी जाहीर केलं की यंदा जिंकणाऱ्या हाउसची ढाल संजेवर ठरणार! शाळेच्या मागच्या भिंतीचे दोन भाग, एक नर्मदेचा, एक क्षिप्रेचा. पंधरवड्याच्या शेवटी मोठी संजा मांडतात, तिला किलाकोट म्हणतात. किल्ल्याचा कोट, आत पालखी, बैलगाडी, चंद्र-सूर्य, ढोलवाला, सगळा संसार. इंदूरहून एक काकीसाहेब पाहुण्या येणार आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही हाउसनी किलाकोट मांडायचा.

आई म्हणाली, "पितृपंधरवड्यात कसले गं समारंभ? तुमच्या बहनजींना पंचांग ठाऊक नाही वाटतं."

केसर मात्र पेटली होती. क्षिप्रेला तोवर एकदाही ढाल मिळाली नव्हती. "सुमी," ती म्हणाली, "म्हारो आखरी साल है. ढाल पे क्षिप्रा को नाम लिखवाके जऊंगी."

"आणि आपली संजा? आपल्या भिंतीवरची?"

"इस साल स्कूल में. तू पीली, म्हूँ नीली." असं म्हणून हसली. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

आणि ऐन वेळी मला कावळा शिवला! आमच्या आईकडं या बाबतीत दयामाया नव्हती. मागच्या पडवीत कांबळ्यावर बसायचं, कुणाला शिवायचं नाही, शाळा बंद, चौथ्या दिवशी न्हाऊन मगच घरात. मी तिथं बसून भिंतीवरच्या पालीशी बोलत होते. केसर रोज शाळेतून आली की भिंतीवरून डोकं काढायची.

"आज काय केलंत गं?"

"नी बतऊं! तू नर्मदावाली."

"अगं, पण पाहुण्या कधी येणार?"

"परसों सुबे."

"तयारी झाली का तुमची?"

"नी बतऊं, नी बतऊं!" आणि खिदळत पळून जायची. नर्मदेच्या पोरी एकदा निरोप घेऊन आल्या होत्या, पण आईनं त्यांना दारातूनच वाटेला लावलं, "ती बाहेरची आहे, नंतर या."

आता मला न कळलेली गोष्ट तुम्हाला सांगून टाकते. बेत बदलला होता! पाहुण्यांना सकाळी घाई होती, म्हणून बहनजींनी किलाकोट आदल्या संध्याकाळीच मांडून घेतले. पाहुण्यांनी सकाळी येऊन फक्त बघायचं. अख्ख्या शाळेला हे ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त पडवीत पालीशी बोलणाऱ्या सुमनला.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता मी न्हाले, पिवळी रिबीन बांधली आणि शाळेत धावले. म्हटलं, इतके दिवस हाउसला माझा उपयोग झाला नाही, आता सगळ्यांच्या आधी पोचून काहीतरी करून दाखवावं.

दाखवलं!

मागच्या अंगणात चिटपाखरू नाही. भिंतीवर दोन मोठ्ठ्या संजा. कण्हेर मलूल, गुलबास मिटलेले, चांदणीची फुलं तपकिरी पडलेली. मी कपाळावर हात मारला. पोरींनी काल सराव केला आणि बासी संजा तशीच टाकून घरी गेल्या! आता पाहुण्या येणार, नवा किलाकोट मांडायचा कुठं? आणि शिळं निर्माल्य काय काकीसाहेबांना दाखवायचं? आमच्या आईनं पाहिलं असतं तर अन्नपाणी सोडलं असतं.

पदर नव्हता म्हणून ओढणीच खोचली. बागेतली खुरपी आणली आणि नर्मदेची भिंत खरवडून काढली. घाम पुसला आणि बाजूला बघितलं, तर क्षिप्रेची संजाही बासी.

इथं, बघा, माझ्यातला देवमाणूस जागा झाला. म्हटलं, सुमन, हाउस गेलं खड्ड्यात, केसर तुझी मैत्रीण आहे की नाही? तिचं हे शेवटचं वर्ष. तिच्या भिंतीवर बासी संजा राहिली आणि त्यापायी ढाल गेली तर? छे! मैत्रिणीची फजिती बघत बसणारी मी नव्हे. तिचीही भिंत खरवडली, आणि ती तर जास्तच प्रेमानं.

एवढ्यावर थांबले असते तरी थोडं वाचलं असतं. पण नाही! सगळं एका टोपलीत भरलं, माती कालवली, आणि दोन्ही भिंती सारवून गुळगुळीत केल्या. खाली रांगोळी घातली. मग खुरपी हातात धरून ऐटीत उभी राहिले.

शाळा होती कुठं? सगळ्या जणी फाटकापाशी पाहुण्यांच्या स्वागताला! तिथून ढोल वाजवत वरात निघाली. पुढं नऊवारीतल्या काकीसाहेब, शेजारी बडी बहनजी, मागं निळ्या-पिवळ्या रिबिनींची रांग. बहनजी मागं वळून, पोरींवर नजर ठेवत, पाहुण्यांना सांगत होत्या, "और ये देखिए, हमारी बच्चियों की इतने दिनों की मेहनत!"

काकीसाहेबांनी पाहिलं. कोरी भिंत. त्या जुन्या वळणाच्या बाई, कुणाचं मन मोडणं ठाऊक नाही. चष्मा सारखा करत म्हणाल्या, "वा! सारवण छान झालंय हो."

ढोल थांबला. बहनजी वळल्या. त्यांच्या तोंडाचा जो रंग झाला तो दोन्ही हाउसच्या रिबिनींत नव्हता.

"संजा कहाँ है?"

मी पुढं झाले. अगदी मान वर करून! "बासी हो गई थी, बहनजी. मैंने उतार दी. दोनों की!"

कुणी हसलं नाही हो. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. नर्मदेच्या पोरींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी तिथल्या तिथं हाउसातून काय, जातीतून बाहेर झाले. आणि निळ्या रांगेतून केसर आली. टोपलीपाशी बसली. शेणामातीत बोटं घालून तिनं एक कवडी काढली. तिच्या संजेचा डोळा होता तो.

मी पुटपुटले, "तूच म्हणाली होतीस ना, बासी संजा..."

"किलाकोट नी उतारे, बावळी!" ती ओरडली. "वो तो अमावस तक रेवे! म्हारो आखरी थो!" आणि रडायला लागली. मग मीही बसले तिच्याजवळ आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं भोकाड पसरलं.

काकीसाहेबांनी दोघींकडं बघितलं. मग बहनजींना म्हणाल्या, "आमची गाडी जरा थांबेल. मुलींनो, उतरवलीत ना? मग चढवा परत. पण आता यातलं शेण कुठल्या नदीचं ते संजाबाईलाही सांगता यायचं नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच."

आणि तुम्हाला सांगते, तसा किलाकोट देवासात पुन्हा झाला नसेल! केसरच्या वडिलांनी फुलांची पाटी पाठवली. निळ्या रिबिनी शेण थापतायत, पिवळ्या फुलं चिकटवतायत, कुणी पोर बाजूला नाही. केसर आणि मी खांद्याला खांदा लावून बसलो होतो. मला हवी होती तीच संजा, फक्त भिंत वेगळी. तिच्या हाताला कण्हेरीचा वास येत होता. बोलत नव्हती माझ्याशी. शेवटी किल्ल्याच्या दाराबाहेर तिनं एक जाडी बाई काढली, हातात काहीतरी धरलेली.

"ही कोण गं?"

"तू." आणि फुर्रकन हसली. तेवढ्यानं माझा जीव भांड्यात पडला.

ढाल मात्र त्या वर्षी कुणालाच मिळाली नाही. बहनजींनी ती कपाटात ठेवून दिली. केसरला तिच्यावर क्षिप्रेचं नाव लिहवून जायचं होतं, ते राहिलंच. ग्यारसनंतर ती गेली. बैलगाडीत बसताना माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली. मी घरी येऊन मधल्या भिंतीकडं तोंड करून बसले. पुढच्या भादव्यात मी त्या भिंतीवर काही मांडलं नाही. एकटीनं काय मांडायचं?

मग माझंही लग्न झालं, मी धारला आले. तिकडं सोनकच्छ, इकडं धार. लांब काही नाही हो. पण सासरवाशिणींना तेवढंही लांब असतं.

काही वर्षांनी, असाच पंधरवडा चालू असताना, आम्ही भोपाळला निघालो होतो. बस सोनकच्छला थांबली. ह्यांना म्हटलं, "आलेच," आणि विचारत विचारत धावत सुटले. घर सापडलं. केसर नव्हती! मका तोडायला शेतावर गेलेली. ओट्यावर एक चिमुरडी भिंतीवर संजा मांडत होती. डोळे थेट केसरचे.

मी धापा टाकत बघत राहिले. किल्ला छोटासा, पालखी वाकडी. आणि दाराबाहेर एक जाडी बाई.

"बेटा, ये कौन है?"

"बासी बाई," ती म्हणाली. "कोट के बाहर रखनी पड़े. अंदर ली तो सब खुरच दे."

"किने बतायो?"

"बई ने." बई म्हणजे तिची आई. "बई हर साल बनावे. बई केवे, एक दिन वा आवेगी जरूर. आवे तो उने बैठाड़जो, राबड़ी खिलाड़जो." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "थें कौन हो?"

तिकडून कंडक्टर ओरडायला लागला होता, "चालो भिया, चालो!" तिच्या डोक्यावरून हात फिरवत कसंबसं म्हटलं, "बेटा, मैं ही तो हूँ बासी बाई."

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं शेजारची खुरपी उचलली आणि पाठीमागं लपवली.